पांडवलेणीतल्या दोघीजणी

आपल्या इंदिरानगरहून पाथर्डी फाट्याकडे निघालो की पांडवलेणीचा डोंगर दिसतो. तिथल्या १० नंबरच्या लेणीत दक्षमित्रेने भिक्षूंसाठी एक ओवरी दान दिल्याचा लेख आहे. ही क्षहरात क्षत्रप नहपानाची लेक. क्षहरात म्हणजे वायव्येकडून इथे आलेले राज्यकर्ते.

त्याच डोंगरात, ३ नंबरच्या लेणीत, गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरात वंश निःशेष केला असं त्यात अभिमानाने म्हटलंय. आणि अपराधी शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नसे, असंही त्याच लेखात आहे! आईच ती. लेख कोरला तेव्हा नातू पुळुमावीच्या राज्याचं १९वं वर्ष चालू होतं.

आता आईचं कौतुक किती खरं धरायचं? १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची १३,०००हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला होता. म्हणजे नहपानाचं राज्य गेलं, एवढं पक्कं.

तिकडे युरोपात रोमच्या सीझरने इ.स.पू. ५७ मध्ये बेल्जी टोळ्यांना हरवलं आणि त्या लढाईची हकिकतही स्वतःच लिहिली. हरलेल्यांनी लिहिलेलं काही उरलं नाही. आपल्याकडे मात्र हरलेल्या घरातल्या लेकीचं नाव कुणी खरवडून काढलं नाही. लेणी बघायला जाल तेव्हा १० नंबरच्या व्हरांड्यात जरा थांबा, तिचा लेख तिथेच आहे.