‘लिटल टू नो’: नकार एकदाच पुरे

‘लिटल टू नो’ म्हणजे जवळजवळ नाहीच. ऑफिसच्या ईमेलपासून प्रबंधापर्यंत हा इंग्रजी शब्दप्रयोग सर्रास दिसतो आणि तितकाच सर्रास चुकतोही.

मुख्य चूक येते ती थेट आपल्या मराठीतून. ‘टाकीत फारसं पाणी नाही’ असं आपण म्हणतो. ‘फारसं’ आलं की शेवटी ‘नाही’ लागतंच. ही सवय इंग्रजीत शिरली की सोसायटीच्या नोटिशीत ‘द टँक डझन्ट हॅव लिटल टू नो वॉटर’ असं वाक्य उमटतं. पण इथे नकार ‘नो’मध्ये आधीच येऊन बसला आहे. क्रियापद होकारार्थीच हवं: ‘द टँक हॅज लिटल टू नो वॉटर’. ‘हार्डली एनी’लाही हाच नियम लागू.

‘लिटल’च्या आधी ‘अ’ लावला की भाषा नीटनेटकी होते, हा आणखी एक भ्रम. ‘अ लिटल वॉटर’ म्हणजे थोडंतरी पाणी आहे. नुसतं ‘लिटल वॉटर’ म्हणजे नसल्यातच जमा. तेव्हा ‘अ लिटल टू नो’ बाद.

‘नो’च्या जागी ‘नन’ही चालत नाही. ‘नन’च्या पुढे नाम येत नाही, त्यामुळे ‘लिटल टू नन एव्हिडन्स’ चूक. ‘द डॅमेज वॉज लिटल टू नन’ मात्र बरोबर. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘फ्यू टू नो कम्प्लेंट्स’. ते कानाला खटकतं, कबूल. मग सरळ ‘हार्डली एनी कम्प्लेंट्स’ लिहावं, मी तेच करतो.

‘लिटल ऑर नो’ हेच शुद्ध, असं सांगणारेही भेटतात. दोन्ही शुद्ध आहेत, आणि हायफनची गरज दोन्हींना नाही.

याच भावकीतला ‘फ्यू अँड फार बिटवीन’. त्यात अनेकजण उगाच ‘इन’ घुसवतात. थॉमस कॅम्पबेल या स्कॉटिश कवीच्या १७९९ मधल्या ‘द प्लेझर्स ऑफ होप’मुळे हा प्रयोग सर्वतोमुखी झाला, तिथेही ‘इन’ नाही. तो वापरावा तुरळक, लांबलांब अंतरानं येणाऱ्या गोष्टींसाठी: रात्रीच्या एसटी गाड्या चालतील, टाकीतलं पाणी नाही.

आणि ‘लिटल टू नो’ म्हणजे शून्य नव्हे. तपासणीत काहीच सापडलं नसेल तर ‘नो एव्हिडन्स’ असंच लिहायचं. लेखापरीक्षणाच्या अहवालात ‘लिटल टू नो’ दिसलं, की वाचणारा विचारणारच, म्हणजे नक्की किती?