एकच संजीवक: सुगीला फुलवतं, आंब्याला थांबवतं

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "द्राक्षाची जीए पावडर घरात उरलीय. दोन केशर आंबे यंदा मोहोरले नाहीत. त्यांच्यावर मारून बघू का?" प्रश्न लाखमोलाचा आहे. उत्तर 'नको' असं आहे, पण नुसतं 'नको' सांगून भागत नाही. का नको, ते समजायला थोडं लांब, पार जपानपर्यंत जावं लागेल.

जीए म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड. नाशिक, सांगली, सोलापूरकडे द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायकांना ते सांगायला नको. एकेक घड औषधाच्या मगात बुडवून काढायचं डिपिंगचं काम आपल्याच हातांनी होतं. त्यामुळे घड लांबतो, मणी फुगतो. हे संजीवक माणसाने नवीन बनवलेलं नाही, प्रत्येक झाड आपल्या पोटात ते थोडं थोडं तयार करतच असतं. माणसाला त्याचा पत्ता लागला तो भाताच्या एका रोगामुळे. त्या रोगात रोप काटकुळं होऊन ताडमाड वाढतं आणि शेवटी आडवं पडतं. जपानी शेतकरी त्याला 'वेडं रोप' म्हणत. १९२६ साली कुरोसावा नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की रोगाच्या बुरशीतून निघणारा रस हे करतो. १९३५ मध्ये याबुता यांनी त्या पदार्थाला जिबरेलिन नाव दिलं.

पुढे कळलं की जिबरेलिन एक नाही, त्याचे पुष्कळ भाऊबंद आहेत. त्यांना नंबर दिलेत. आपल्या द्राक्षाला वापरतात ते तीन नंबरचं.

आता सूचिपर्णी झाडांकडे येऊ. म्हणजे देवदार, चीड, असली थंडीतली झाडं. आपल्याकडचा सुरू तसा दिसतो, पण तो त्यांच्यातला नाही. आपल्या अंगणात त्यांच्यातलं एक झाड मात्र नक्की असतं: मोरपंखी! जिची डहाळी 'विद्या' म्हणून पोरं पुस्तकात ठेवतात, तीच. तिच्यावर निळसर हिरवी, शिंगं फुटल्यासारखी बोंडं दिसतात. त्यांना शंकू म्हणतात. या झाडांना पाकळ्यांची फुलं नसतात. नर शंकूतून पराग उडतात, मादी शंकूत बी धरतं. आपण सोयीसाठी त्यालाच फुलणं म्हणू.

या झाडांची अडचण एकच, फुलायची घाई नसते. दहा-पंधरा वर्षं, काहींना त्याहून जास्त, बी येतच नाही. आल्यावरही दरवर्षी भरघोस येत नाही. चांगलं बियाणं तयार करायचं तर माणसाने वाट तरी किती बघायची?

जपानात सुगी नावाचं झाड आहे, मोरपंखीच्याच कुळातलं. १९५०च्या दशकात तिथल्या संशोधकांना दिसलं की सुगीवर जीए फवारलं तर अगदी लहान रोपंसुद्धा शंकू धरतात. उन्हाळ्यात लवकर फवारलं तर नर जास्त, उशिरा फवारलं तर मादी. कंबरेएवढं झाड आणि त्यावर पराग!

हे निव्वळ कौतुक नाही. महायुद्धानंतर जपानने डोंगरच्या डोंगर सुगीने भरले. आज वसंतात त्यांचे पराग ढगासारखे उडतात आणि शिंका, डोळ्यांची आग यांनी दर तिघांमागे एक तरी माणूस हैराण होतो. १९९२ मध्ये तोयामा भागात पराग न सोडणारं एक सुगीचं झाड सापडलं. त्याचा वंश वाढवायचा, तर कुठल्या रोपात तो गुण उतरलाय हे ओळखायला हवं, आणि रोप फुलल्याशिवाय ते कळत नाही. म्हणून तिथे लहान रोपांना जीए देऊन फुलवतात आणि निवड करतात. कित्येक वर्षांची वाट वाचते.

चीड-देवदाराच्या कुळात मात्र तीन नंबरचं फारसं चालत नाही. तिथे चार आणि सात नंबरचं मिश्रण लागतं. कॅनडातल्या बियाण्याच्या बागांमध्ये डग्लस फर या झाडाला ते खोडात टोचून देतात. नुसतं टोचून पुरत नाही, म्हणून जोडीला खोडाची साल अर्धगोल कापतात, पाणी तोडतात. डाळिंबाला ताण देऊन बहार धरतो, तशातलाच हा प्रकार. शिवाय वेळ गाठावी लागते. यंदाच्या शंकूची कळी आदल्या वर्षीच ठरलेली असते, ती ठरायच्या आत औषध पोचलं पाहिजे. कळी एकदा पानाची ठरली की ओतलेलं औषध फुकट.

आणि आंबा? आंब्याचं गणित बरोबर उलटं. त्याच्या पोटातलं जिबरेलिन उतरलं तरच काडी पालवी सोडून मोहोराकडे वळते. मोहोरासाठी वापरतात ते कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, झाडाला जिबरेलिन बनवूच देत नाही. म्हणून ते पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टला, पसाऱ्याचा व्यास मोजून मुळाशी देतात. पसाऱ्याच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिली हे हापूसचं प्रमाण. जास्त दिलं तर मोहोर गुच्छासारखा आखडतो आणि औषध जमिनीत पुढेही राहतं. कोवळ्या किंवा अशक्त झाडाला तर देऊच नये.

कोकणात हापूसवर जीए फवारतात तेही मोहोर आणायला नव्हे. पहिला मोहोर येऊन फळ धरू लागलं की पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची कैरी गळते. तो दुसरा मोहोर रोखायला ५० पीपीएमची फवारणी असते.

म्हणजे त्या ताईंनी पावडर मारली असती, तर केशर हिरवागार पालवला असता आणि मोहोराचं यंदाही नाव नको. दुकानात 'फुलाचं टॉनिक' म्हणून बाटली पुढे आली तर आत कोणतं संजीवक आहे, किती टक्के आहे, ते लेबलवर वाचायचं. वाचता येईना, तर गटातल्या शिकत्या मुलीकडून वाचून घ्यायचं, आणि पैसे त्यानंतर काढायचे. त्या ताईंची उरलेली पावडर जावेच्या द्राक्षबागेत गेली.