संरक्षक पत्रा आणि त्याच्याआडचा गंज

मालवाहू पिकअप गाडीच्या दारांखाली, पुढच्या व मागच्या चाकांच्या दरम्यान, पोलादी पत्र्याची जी लांब पोकळ पेटी असते आणि जिला रॉकर पॅनेल म्हणतात, तिच्यावर चाकांनी उडवलेली खडी, चिखल आणि पाणी यांचा मारा अखंड चालू असतो. आणि कॅनडात किंवा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तर भागात, जेथे हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळावे म्हणून मीठ पसरण्याची वहिवाट आहे, तेथे जे भाग लवकर कुजतात त्यांत या पेटीची गणना होते. कोकण किनाऱ्यावर मासळी वाहणाऱ्या गाड्यांनाही खारी हवा आणि पेट्यांतून गळणारे खारट पाणी यांमुळे याच संकटाला तोंड द्यावे लागते. अशा पेटीवर ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा जाड पत्रा चढवण्याची कल्पना मालकाला साहजिकच पटते, व खडीच्या आघातापुरती ती योग्यही आहे. परंतु पत्रा निष्काळजीपणे बसवला, तर ज्याच्या रक्षणासाठी तो नेमला त्याचाच तो घात करतो.

ब्रिटिश आरमाराला हा अनुभव फार पूर्वी आला. लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकण्यात आला, आणि १७६३ च्या तपासणीत असे आढळले की, तांब्याशी लागलेले लोखंडी खिळे पार झिजून गेले असून, वेष्टनाचा तपकिरी कागद जेथे मध्ये राहून गेला होता, तेथील लोखंड मात्र शाबूत होते. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात परस्परांना स्पर्श करू लागले की त्यांच्यात विद्युत्प्रवाह सुरू होतो व त्यांपैकी एकाचे क्षरण वेगाने होते. स्टेनलेस स्टीलच्या सान्निध्यात साधे पोलाद झिजते, तर पोलादाच्या सान्निध्यात ॲल्युमिनियम. त्यातही रंगाला पडलेला बारीकसा ओरखडा आणि त्याला लागून स्टेनलेसचा विस्तीर्ण पत्रा, हा योग विशेष घातक, कारण सारे क्षरण त्या एवढ्याशा जागी एकवटते. धातू एकच असला तरी अरुंद फटीत साचलेल्या ओलाव्याला प्राणवायू कमी मिळतो, आणि बाहेरच्या हवेशीर भागाच्या तुलनेत आतले पोलाद विरघळू लागते.

यावरून बसवण्याची रीत ठरते. प्रथम जुना गंज चकाकते पोलाद दिसेपर्यंत घासून काढावा, मीठ गोड्या पाण्याने धुवावे आणि जागा पूर्ण वाळवावी. गंजावर पत्रा ठोकणे म्हणजे रोग झाकणे होय. भोके पाडणे शक्यतो टाळावे. पाडावीच लागली, तर त्यांच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात, लोखंडाचा कीस झाडून घ्यावा, उघड्या कडांना जस्तयुक्त प्राइमर व वर रंग द्यावा, आणि दोन धातूंमध्ये रबर किंवा नायलॉनचे वॉशर घालावेत. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन येथे वापरू नये, कारण त्यातून निघणारे आम्ल धातूला खाते. पत्रा आणि पेटी यांच्यात पाण्याची धार फिरेल व वारा खेळेल एवढे अंतर राखावे. ते शक्य नसेल, तर सांधा सर्व बाजूंनी पक्का बंद करावा. अर्धवट बंदोबस्त सर्वांत वाईट, कारण आत शिरलेल्या पाण्याला मग बाहेर पडता येत नाही. पेटीच्या तळाशी निचऱ्याची जी भोके कारखान्यातच ठेवलेली असतात, ती कोणत्याही परिस्थितीत बुजू देऊ नयेत, आणि पोकळीत गंजरोधक मेणाचा फवारा मारून घ्यावा.

या सर्वांत दुर्मीळ वस्तू कोणती असेल, तर ती सवड. गाडी उभी राहिली की रोजची कमाई बुडते, म्हणून मालक घाई करतो आणि ओल्या रंगावरच पत्रा चढतो. म्हणून कारागिराने रंग वाळण्यासाठी मुदत मागितली, तर ती बिनतक्रार द्यावी; तिचा मोबदला गाडीच्या वाढलेल्या आयुष्यात मिळतो.