साच्याविना उठाव : पापडाच्या खोक्यावरची नवी छपाई



पेणचे पोह्याचे पापड आणि मिरगुंडे पूर्वी जुन्या वर्तमानपत्रात बांधून दिली तरी खपत. आता वडखळ नाक्यावर मुंबईचे गिऱ्हाईक मोटारीतून उतरते, चार खोकी हातात घेते आणि ज्यावर बोट फिरवावेसे वाटते तेच उचलते. म्हणून डोलवी, वडखळ, गडब या बाजूच्या बचत गटांतील भगिनी अलीकडे विचारतात, "साहेब, खोक्यावर अक्षरे वर आल्यासारखी दिसतात, ती कशी करतात? आणि आम्हाला परवडतील का?"

खरा उठाव म्हणजे धातूचे दोन साचे, एक खोलगट आणि एक फुगीर. मध्ये कागद ठेवून दाब दिला की अक्षर वर येते. त्याला खर्च फार. लग्नपत्रिकेवरची फुगीर अक्षरे वेगळी. तिथे ओल्या शाईवर राळेसारखी भुकटी टाकून उष्णता देतात. भुकटी वितळून फुगते. खोक्यांसाठी मात्र आज तिसराच मार्ग चालतो, आणि त्यात कागद तसूभरही दाबला जात नाही.

छापलेल्या कागदावर आधी मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, पातळ फिल्मचे लॅमिनेशन करतात. मग फक्त नावावर किंवा पापडाच्या चित्रावर चकचकीत व्हार्निशचा जाड थर देतात. हा थर विशिष्ट दिव्याखाली क्षणात वाळतो. छापखान्यात याला स्पॉट यू. व्ही. म्हणतात. भोवतालचा भाग निस्तेज आणि अक्षर ओल्यासारखे चमकते, त्यामुळे डोळ्याला ते वर आल्याचा भास होतो. थर जाड असला तर बोटालाही लागतो.

दुसरी रीत अळूच्या पानासारखी आहे. अळूवर पाणी पसरत नाही, थेंब होऊन राहते. तसेच जिथे खरखरीतपणा हवा तिथे आधी एक खास व्हार्निश छापतात आणि नंतर सगळ्या कागदावर चकचकीत लेप देतात. त्या व्हार्निशवर लेप सपाट बसत नाही, बारीक दाणे धरतो. बाकीचा भाग आरशासारखा गुळगुळीत. पोह्याच्या पापडाचा पोत दाखवायला मला ही रीत अधिक शोभते.

ही हौस नवी नाही. राजा रविवर्मा यांनी 1894 साली सुरू केलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आजीच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे त्याच परंपरेतली. अशा चित्रांना तैलचित्राचा भास यावा म्हणून वरून व्हार्निश देत आणि कापडाची वीण दाबून उठवीत.

आता परवडण्याचे. जाळी किंवा प्लेट बनवण्याचा खर्च पाचशे खोक्यांना जेवढा, तेवढाच पाच हजारांना. एका गटाने थोडी खोकी करायची म्हणून दर विचारला, तर खोक्याची किंमत आतल्या पापडाशी स्पर्धा करू लागली. अशा वेळी खोके साधे ठेवावे आणि वर चिकटवायचे लहान लेबल तेवढे चमकदार करावे. दोन-तीन गटांनी मिळून एकच खोके छापले आणि आपापले लेबल लावले, तर आणखी बरे.

छापखान्याला कागद देण्यापूर्वी खोक्याची चिकटवायची पट्टी कोरी ठेवण्यास सांगावे. लॅमिनेशन आणि व्हार्निशवर साधा डिंक धरत नाही. तारीख आणि तुकडी क्रमांकाचा शिक्काही त्यावर पुसला जातो, तेव्हा तेवढी चौकट मोकळी हवी. घडीच्या रेघेवर व्हार्निश आले तर तडकते. बारीक अक्षरांवर चमक देऊ नये. थर केसभर सरकला तरी अक्षर दुहेरी दिसते. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, वजन, घटक आणि हिरवे चिन्ह हे सगळे साध्या शाईत, ट्यूबलाइटखाली वाचता येईल असे असावे. चकाकीत ते हरवते.

आपल्या खारेपाटातल्या पावसाळ्याचाही विचार करावा. एकाच बाजूने लॅमिनेशन केलेला कागद दुसऱ्या बाजूने दमट हवा पितो आणि वाकडा होतो. म्हणून कोऱ्या खोक्यांचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून जमिनीपासून वर, फळीवर ठेवावेत आणि चार महिने पुरतील एवढेच आधी छापून घ्यावेत. पापड छापील कागदाला लागू देऊ नये. आत खाद्यपदार्थाच्या दर्जाची पिशवी हवीच.

फाटकी खोकी मात्र शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. कागद कुजतो, वरची फिल्म कुजत नाही. पुढल्या वर्षी ती भाताच्या रोपवाटिकेत तुकडे-तुकडे होऊन वर येते.