शिडाच्या होडीला केवढे इंजिन हवे?

शिडाची होडी वाऱ्यावर चालते, पण वारा काही आपल्या सोयीने वाहत नाही. तो पडला आणि ओहोटीचा प्रवाह होडीला खडकांकडे ओढू लागला की नुसते शीड काय कामाचे? म्हणून अशा लहान होडीच्या मागच्या बाजूला बाहेरून एक इंजिन टांगतात. हीच आउटबोर्ड मोटर. ती घेताना पहिला विचार मनात येतो तो असा, की जितकी अश्वशक्ती जास्त तितके बरे. तो तपासून पाहू.

होडी पाणी कापत निघाली की तिच्या पुढच्या टोकाशी लाट उठते. वेग वाढेल तशी या लाटेची लांबी वाढते. खोल पाण्यात या दोहोंचे नाते ठरलेले आहे : लांबीच्या (मीटर) वर्गमूळाला १.२५ ने गुणले की लाटेचा वेग (मीटर प्रति सेकंद) मिळतो. समजा, होडीची पाण्याच्या पातळीवरची लांबी ५ मीटर आहे. ५ मीटर लांबीच्या लाटेचा वेग सेकंदाला २.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १० किलोमीटर. या वेगाला होडीच्या दोन्ही टोकांशी लाटेचे एकेक शिखर येते. आणखी जोर लावला तर मागची बाजू खोलगटात बसते आणि होडीला स्वतःच उठवलेला चढ चढावा लागतो! विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये टॉर्के येथे हौदात जहाजांच्या प्रतिकृती ओढून या विरोधाचा अभ्यास केला. हलकी, सपाट बुडाची बोट हा चढ ओलांडून पाण्यावरून घसरत जाते. तळाशी जड वजन असलेल्या शिडाच्या होडीला ते जमत नाही. अश्वशक्ती दुप्पट केली तरी वेग जेमतेम वाढतो, पेट्रोल मात्र जळते. टनभर वजनाच्या होडीला ४-५ अश्वशक्ती पुरते.

त्यापेक्षा पंखा पाहावा. तो पाणी मागे ढकलतो, पाणी होडीला पुढे ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. होडी धक्क्याला बांधलेली आहे असे धरू. एक लहान पंखा दर सेकंदाला १० किलो पाणी सेकंदाला ६ मीटर वेगाने फेकतो, दुसरा मोठा पंखा २० किलो पाणी ३ मीटर वेगाने. दोघांचाही रेटा ६० न्यूटन. पण पाण्याला मिळालेली गतिज ऊर्जा काढा : पहिल्याची सेकंदाला १८० ज्यूल, दुसऱ्याची ९०! दहावीच्या वर्गात हे उदाहरण जरूर सोडवून घ्यावे. म्हणूनच शिडाच्या होडीला मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा हवा.

इंजिनाच्या दांड्याची लांबी मात्र फारसे कोणी विचारत नाही. साधारणपणे ती १५, २० किंवा २५ इंच असते. लाटांत होडीची मागची बाजू उचलली गेली की आखूड दांड्याचा पंखा पाण्याबाहेर येतो, हवा ओढतो, इंजिन नुसतेच किंचाळते आणि रेटा नाहीसा होतो. तोही नेमका खडक जवळ असताना. आमच्या मते अश्वशक्तीआधी दांडा मोजावा. बहुतेक शिडाच्या होड्यांना २० किंवा २५ इंचीच लागतो.

वजनही पाहावे. ५ अश्वशक्तीचे इंजिन साधारण २५ किलोचे, १० चे ४० च्या आसपास. अगदी मागच्या टोकाला लटकणारा हा भार होडी मागे झुकवतो आणि शिडावर चालतानाही तो ओढावाच लागतो.