कॉल फॉरवर्डिंग: काय वळतं, काय वळत नाही आणि पैसे कोण भरतं

लिलावाच्या दिवशी नेप्ती किंवा घोडेगावच्या कांदा बाजारात आडत्याचा फोन लागणं महामुश्कील. शेतकऱ्याला फक्त आज भाव काय निघाला एवढंच विचारायचं असतं, पण पलीकडून सारखं ‘व्यस्त आहे’ ऐकू येतं. नंबर बिझी असला की कॉल आपोआप गाळ्यावरच्या दिवाणजीच्या फोनवर जावा, ही सोय जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आधीपासूनच आहे. तरीही नगर जिल्ह्यात हा विषय निघाला की काही जण म्हणतात ‘नको, त्यातून फोन हॅक होतो’, तर काहींना वाटतं की एकदा नंबर वळवला की सगळंच वळलं. या दोन्ही समजुती नुकसान करतात.

आधी पैशांचं बघू. ‘वळवलेल्या कॉलचे जादा पैसे फोन करणाऱ्याला पडतात’ असं अनेकांना वाटतं. तसं नाही. फोन करणाऱ्याचा कॉल तुमच्या नंबरपर्यंतच मोजला जातो. तिथून पुढे दुसऱ्या नंबरपर्यंतचा कॉल हा तुमचा आउटगोइंग कॉल धरला जातो आणि तो तुमच्या खात्यावर पडतो. अमर्याद कॉलिंगचा पॅक असेल तर देशातल्या देशात सहसा वेगळा भुर्दंड बसत नाही. पॅक मिनिटांचा असेल तर मात्र मिनिटं तुमचीच संपतात.

याच हिशेबात एक जुगाड लोक हमखास करू बघतात. दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत, सोसायटीच्या पासबुकात गेलेला जुना नंबर रिचार्ज न करता नव्या नंबरवर वळवून ठेवायचा. हे चालत नाही. पॅकची मुदत संपली की आउटगोइंग बंद होतं आणि वळवलेला कॉल हा आउटगोइंगच असल्यामुळे तोही थांबतो. पुढे ९० दिवस काहीच वापर झाला नाही, तर कंपनी नंबर बंद करू शकते. प्रीपेड खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवसांची मुदत मिळते, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ट्रायचा नियम आहे. म्हणजे फॉरवर्डिंगला वेगळे पैसे लागले नाहीत, तरी जुना नंबर जिवंत ठेवण्याचा खर्च राहतोच. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएससाठीचे, डेटा नसलेले रिचार्ज देणं बंधनकारक केलं. दुसरा नंबर केवळ फोन घेण्यापुरता ठेवायचा असेल तर असं रिचार्ज मागून घ्या. दुकानदार ते आपणहून सांगेलच असं नाही.

कॉल वळवायचा म्हणजे सगळेच कॉल वळवावे लागत नाहीत. बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये चार पर्याय असतात: नेहमी, बिझी असताना, उचलला नाही तर, आणि संपर्काबाहेर असताना. माझ्या मते पहिला पर्याय सर्वांत कमी कामाचा आणि चौथा सर्वांत उपयोगी. अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे रतनवाडीकडे, किंवा फोफसंडीकडे जाणाऱ्या आरोग्यसेविकेचा, शिक्षकाचा किंवा ड्रायव्हरचा फोन तासन्‌तास रेंजमध्ये नसतो. तेवढ्या वेळेपुरता कॉल घरच्या किंवा सहकाऱ्याच्या नंबरवर जातो आणि रेंज आली की पुन्हा स्वतःच्या फोनवर वाजतो. दोन सिमवाल्यांसाठी तर हा पर्याय जास्तच महत्त्वाचा. बहुतेक फोनमध्ये एका सिमवर बोलत असताना दुसरं सिम संपर्काबाहेर दिसतं. दोन्ही सिमवर कॉल वेटिंग चालू करायचं आणि ‘संपर्काबाहेर असताना’ एकमेकांवर वळवून ठेवायचं. मग एकावर बोलणं चालू असलं तरी दुसऱ्यावरचा कॉल चुकत नाही.

आता काय वळत नाही ते. एसएमएस वळत नाहीत. बँकेचा ओटीपी, गॅसचा कोड, आधारचा संदेश त्याच सिमवर येतो. व्हॉट्सॲपचे कॉल तर इंटरनेटवरचे, त्यांचा फॉरवर्डिंगशी संबंधच नाही. आईवडिलांचं सिम ड्रॉवरमध्ये ठेवून नंबर मुलाकडे वळवला आणि पेन्शनचा ओटीपी अडकला, असं घडतं ते यामुळेच.

परदेशी गेलेल्यांचा घोटाळा वेगळा. भारतातलं सिम घेऊन तिकडे गेल्यावर ‘उचलला नाही तर’ हा पर्याय चालू राहिला, तर कॉल आधी परदेशात जातो आणि तिथून परत भारतातल्या नंबरकडे वळतो. एका कॉलमध्ये रोमिंगचं इनकमिंग आणि वर परतीचा आंतरराष्ट्रीय कॉल असे दोन आकार लागू शकतात. म्हणून विमानात बसण्याआधी हे पर्याय बंद करावेत. अमेरिकेतल्या आपल्या लोकांना गूगल व्हॉइस माहीत असतं. तिथला मोबाइल नंबर एकदाच २० डॉलर भरून त्यात नेता येतो. पण ती वैयक्तिक सेवा अमेरिकेपुरतीच आहे, आपल्या +९१ नंबरला तिचा उपयोग नाही.

‘*#२१# लावल्यावर फोन टॅप होतोय का ते कळतं’ हा निरोप गटागटांतून फिरत असतो. त्या कोडने एवढंच कळतं की तुमचे सगळे कॉल कुठे वळवलेले आहेत की नाहीत. वळवलेला कॉल तिसऱ्याला चोरून ऐकू येत नाही, तो सरळ त्याच्याकडेच जातो.

आणि धोका नेमका तिथेच आहे. ‘कुरिअरवाला बोलतोय, पार्सलसाठी एवढा कोड लावा’ असा फोन येतो. सांगितलेल्या कोडच्या शेवटी एक दहा आकडी नंबर असतो. तो लावला की तुमचे कॉल भामट्याकडे जातात. मग तो तुमच्या नंबरवर व्हॉट्सॲप सुरू करतो, ओटीपी एसएमएसऐवजी कॉलवर मागतो आणि तो कॉल त्यालाच मिळतो. पुढच्या तासाभरात तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले जातात. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोडने कॉल वळवण्याची यूएसएसडी सेवा थांबवायला कंपन्यांना सांगितलं ते या प्रकारांमुळेच. तरी असे कोड लावायला सांगणारे फोन थांबलेले नाहीत. संशय आला तर ##००२# लावा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

राहिला पारनेरहून मुंबईला गेलेल्यांचा प्रश्न. ३ जुलै २०१५ पासून मोबाइल नंबर देशात कुठल्याही सर्कलमध्ये पोर्ट करता येतो. कंपनी बदलायची म्हणून नवा नंबर घेऊन जुना त्यावर वळवत बसण्याची गरज नाही. PORT या शब्दापुढे आपला नंबर लिहून १९०० वर एसएमएस करायचा आणि तोच नंबर नव्या कंपनीकडे न्यायचा. नगरच्या, ०२४१ ने सुरू होणाऱ्या लँडलाइनला मात्र ही सोय नाही. पेढीच्या जुन्या लँडलाइनवर आजही गिऱ्हाइकांचे फोन येत असतील, तर तिथे कॉल फॉरवर्डिंगच कामाला येतं.