पेन्शन चालू असताना पुन्हा नोकरी : काय चालते, काय विचारून घ्यावे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची अनेक मराठी कुटुंबे सरकारी नोकरीनिमित्त इथे आली. जवाहर चौक, टी. टी. नगरच्या क्वार्टरांत कित्येकांचे संसार उभे राहिले. आता त्या घरांतली दुसरी पिढीही निवृत्त होत आहे. मध्य प्रदेशात २०१८ पासून निवृत्तीचे वय ६२ असले, तरी त्यानंतरही अनेकांचे हातपाय चांगले चालतात. शाळा, कॉलेज, बांधकाम कंपनी किंवा एखादा ट्रस्ट बोलावतो, आणि घरात प्रश्न निघतो : नोकरी धरली तर पेन्शन बंद होईल का?

सर्वसाधारण उत्तर : नाही. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा निकालात सांगितले. म्हणूनच १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन मानतात. खासगी नोकरीमुळे पेन्शन थांबत नाही. मात्र चार गोष्टी पाहून घ्याव्यात.

१. परवानगी. केंद्र सरकारच्या गट ‘अ’ अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर पहिल्या वर्षात खासगी व्यावसायिक नोकरी धरायची असेल, तर आधी सरकारची परवानगी लागते. ती न घेतल्यास पेन्शन पूर्ण किंवा अंशतः रोखता येते. राज्य शासनाच्या निवृत्तांना १९७६ चे पेन्शन नियम लागू आहेत. त्यांनी आपल्या विभागाकडून लेखी खात्री करून घ्यावी.

२. पुन्हा सरकारी काम. केंद्राच्या ९ डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार निवृत्ताला कंत्राटावर घेतल्यास शेवटच्या मूळ वेतनातून मूळ पेन्शन वजा करून मानधन ठरते. वेतन ८०,००० आणि पेन्शन ४०,००० असेल, तर मानधन ४०,०००. पेन्शनचा काही भाग विकलेला असला, तरी वजाबाकी पूर्ण पेन्शनचीच होते. नियमित पुनर्नियुक्ती झाली तर पेन्शनवरील महागाई राहत थांबू शकते. म्हणून नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना नोकरीबद्दलची माहिती खरी भरावी.

३. भेल आणि खासगी कंपन्यांचे निवृत्त. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेचे पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. नंतर नोकरी केली तरी ते चालू राहते. पण नव्या नोकरीतून या पेन्शन योजनेत पैसे जमा होत नाहीत, त्यामुळे पेन्शन वाढतही नाही.

४. आयकर. खरा फटका इथेच बसतो. समजा पेन्शन दरमहा ७०,००० आणि नवा पगार ५०,००० आहे. बँक फक्त पेन्शन पाहते, मालक फक्त पगार. नव्या करप्रणालीत प्रत्येकाच्या हिशोबाने उत्पन्न १२ लाखांच्या आत, म्हणून कोणीच कर कापत नाही. एकत्र मात्र १४,४०,००० होतात. ७५,००० ची प्रमाणित वजावट दोनदा नव्हे, एकदाच मिळते. उरलेल्या १३,६५,००० वर २०२५-२६ च्या दराने सेससह ८८,१४० रुपये कर येतो, आणि तो विवरणपत्र भरताना एकरकमी द्यावा लागतो. यावर सोपा उपाय म्हणजे पेन्शनचा आकडा नव्या कार्यालयाच्या लेखा विभागाला लेखी कळवणे. मग दरमहा पगारातूनच कर कापला जातो.

सल्लागार म्हणून फी घेतली, तर ते पगाराचे नव्हे, व्यवसायाचे उत्पन्न ठरते. साठी उलटलेल्यांना एरवी आगाऊ करातून सूट असते. व्यवसायाचे उत्पन्न असले की ती मिळत नाही. हप्ते चुकले तर व्याज लागते.

तेव्हा होकार देण्यापूर्वी नेमणुकीचे पत्र नीट वाचा : त्यात पगार लिहिला आहे, मानधन की फी? पेन्शन आदेशाची प्रत सोबत ठेवा आणि घरातल्या एकाला तरी हा हिशोब समजावून सांगा. काम करण्याची उमेद असेल तर जरूर करावे. फक्त हातात नेमके किती उरणार, हे पहिल्या दिवशीच ठाऊक असावे.